कुणी कुणाला ओढलं

दिवे गेले तेव्हा ती खोक्यात होती. खोका म्हणजे कान तपासायची बंद खोली. दवाखान्यात सगळे तिला खोकाच म्हणत, कारण ती होतीच तेवढी: कपाटापेक्षा जरा मोठी, भिंतींना आतून जाड स्पंज मारलेला, आणि दार असं की एकदा लावलं की बाहेरची दुनिया संपली. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरच्या यंत्रावरून बारीक शिट्ट्या सोडायच्या आणि ऐकू आली की बटण दाबा म्हणायचं, हे तिचं काम. झोपेतसुद्धा केलं असतं इतकं अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी एक आजोबा म्हणाले, उजव्या बाजूला काहीच वाजत नाही. आता कान गेला की हेडफोन गेला हे बघायला हवं, म्हणून तिने आजोबांना बाहेरच्या बाकावर बसवलं, स्वतः आत शिरली, दार ओढून घेतलं, हेडफोन चढवले, आणि दिवे गेले. जनरेटर सुरू व्हायला असा कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्या वेळात तिला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना. आत, बाहेर. आत, बाहेर. प्रत्येक वेळी जरा जास्त घाईने. हात आपोआप बाजूला गेला, हेडफोनची वायर सापडली, अंगठा आणि बोटाचं कडं तिच्याभोवती बसलं आणि वायर धरून ती निघाली. वायर भिंतीत जाते. दार तिच्या पाठीमागे होतं. हे तिला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल, तो खोका बसवला तेव्हा वायर कुठून घ्यायची हे तिनेच मिस्त्रीला दाखवलं होतं. तरी ती भिंतीकडेच गेली, कपाळ स्पंजवर टेकेपर्यंत गेली, आणि टेकल्यावरही पुढे रेटत राहिली. दिवे आले. आजोबांनी दार उघडून डोकं आत घातलं आणि म्हणाले, "काय हो बाई, तुम्हालाही नाही ना ऐकू आलं?" ती म्हणाली, "हेडफोन गेलाय, आजोबा. कान ठणठणीत आहे तुमचा." आजोबा खूश झाले. ती बेसिनपाशी जाऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

घाबरली होती, दुसरं काय. भीतीला भीती म्हणायला तिला सहसा अडचण नसे. पण ही भीती कुणाकडे बोलायची सोय नव्हती, कारण ती घाबरणाऱ्यांतली नाही अशी तिची ख्याती होती आणि ख्याती ही मोठी अडचणीची गोष्ट असते. डायव्हिंगचं खूळ मुळात नवऱ्याचं. तो जमिनी मोजणारा सर्व्हेयर, आयुष्य टेप आणि खुंट्या यांच्यात गेलेलं. कुणीतरी त्याला सांगितलं की बंदराबाहेर पाण्याखाली एक जुनी आगबोट पडली आहे आणि एक क्लब ती बोट खिळ्यापासून खिळ्यापर्यंत मोजून काढतो आहे. झालं. माणूस वेडाच झाला. पहिल्या वर्षी ती बोटीवर बसून उलट्या करायची आणि त्याचे कपडे राखायची. दुसऱ्या वर्षी म्हणाली, कपडे राखायला मी काय खुंटी आहे का, आणि स्वतःच शिकली. शिकली ती अशी की क्लबमधले बाप्ये बघत राहिले. तिची हवा सगळ्यांत कमी लागते, तिचा श्वास सगळ्यांत संथ, बाईंना पाण्यात टाका आणि घड्याळ लावून घ्या, असं क्लबचे मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रॉइंगचे शिक्षक. क्लब त्यांचा, बोट त्यांची, आणि त्या बुडालेल्या आगबोटीचा भिंतभर कागदावरचा नकाशाही त्यांचाच. बाकीचे क्लब बुडालेल्या जहाजावरून पितळी कड्या काढून आणतात आणि दिवाणखान्यात मांडतात. मास्तरांच्या क्लबात वस्तूला हात लावायचा नाही, नुसती मापं आणायची. कौलं भरून निघालेली बोट होती ती. कौलं अजून रचून ठेवल्यासारखी पडली आहेत, कुणाच्या तरी घरावर चढायची राहून गेलेली.

आणि मास्तरांची एक रीत होती. पाण्यात उतरायच्या आधी, सगळं अंगावर चढवून झालं की ते जोडीतल्या प्रत्येकाला विचारत, "मन आहे?" वयाने लहान असेल त्याला आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून त्याने उत्तर द्यायला नको. 'आहे' किंवा 'नाही', एवढंच बोलायचं. एकानेही नाही म्हटलं की बरोबरचे सगळे कोरडे. का म्हणून कुणी विचारायचं नाही, बोटीवर नाही, किनाऱ्यावर नाही, पुढे कधीही नाही; आणि नाही म्हणणाऱ्याला मास्तर स्वतःच्या थर्मासमधला पहिला चहा देत. तिने कधी तो चहा प्यायला नव्हता. नवऱ्याने तर नाहीच नाही. थट्टेने तो म्हणायचा, मास्तरांचा चहा कसा लागतो ते आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.

तर मागचा रविवार. आगबोट एका कुशीवर पडली आहे आणि त्या कुशीला माणूस जाईल एवढं भोक आहे. त्यातून आत गेलं की कोठार, जिथे कौलं आहेत. बाहेरच्या कडीला पांढरी दोरी बांधायची, फिरकीतून सोडत सोडत आत जायचं, आणि त्याच दोरीने परत यायचं. दोरीवर जागोजाग प्लास्टिकचे छोटे बाण अडकवलेले असतात, टोक दाराकडे. काही दिसत नसलं तरी बोटांना बाण लागतो आणि दार कुठे ते कळतं. आणि दोरीच्या अगदी शेजारून, हातभर अंतरावरून, टेप जाते. पिवळी, चपटी, मोजायची टेप; दाराजवळून निघून थेट कोठाराच्या दुसऱ्या टोकाच्या लोखंडी भिंतीपर्यंत ताणलेली, तिथे एका खिळ्याला अडकवलेली. कौलांची प्रत्येक रास टेपपासून किती लांब, ते मोजायचं. मोसमभर ती तिथेच असते. दोरी बाहेर नेते. टेप आत नेते. इतकं साधं आहे ते आणि पहिल्या दिवशीच सगळ्यांकडून घोकून घेतात. त्या रविवारी ते दोघंच आत होते. तो टेपपाशी माप वाचत होता, ती पाटीवर लिहीत होती, आणि वरच्या कुजलेल्या फळीतून गाळ सुटला. गाळ उठणं वेगळं, पायाचा धक्का लागला की उठतोच; हा वरून आला, पोतं उलटं केल्यासारखा. टॉर्च होता, पेटलेला होता, तिने मास्कला लावून धरला तरी समोर नुसता तपकिरी अंधार. पण इथवर ती शहाणी होती, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगे. इथवर तिने सगळं शिकवल्यासारखं केलं. पाटी सोडली, एक हात नवऱ्याकडे नेला, त्याचा दंड सापडला, घट्ट धरला. दुसरा हात दोरीकडे नेला, दोरी सापडली, तिच्याभोवती कडं केलं. आणि मग तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढला गेला. नवऱ्याने पट्टा धरला होता आणि तो ओढत होता. तिला बरं वाटलं, हे खरं. चला, याला कळलंय, असं वाटलं. ती त्याच्यामागे निघाली. हातातली दोरी सरकत होती, जाड हातमोज्यातून काही कळत नाही, गोल की चपटी, नुसतं काहीतरी आहे एवढं कळतं. बाण येत नव्हता. आता येईल, आता येईल. श्वास कानात वाजत होता, आत, बाहेर, आणि बाण येत नव्हता, आणि पट्टा ओढला जात होता, आणि आपला नवरा आपल्याला कुठे नेतो आहे असा विचार तिच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला. मग हाताला लोखंड लागलं. मग खिळा. मग खिळ्यात अडकवलेली टेपची कडी. तोंडातली नळी तिने दातांनी चावली. तिने त्याचा दंड पिळला, त्याला फिरवला. क्षणभर तो जागचा हलेना, अडला, मग आला. टेपवरून उलटं, सगळं कोठार परत, आणि एकदाचं कुठेतरी हिरवट उजेडाचं भोक दिसलं. हवेचा काटा तांबड्यात होता. दोघांचाही.

वर आल्यावर नवरा बोटीच्या शिडीला लटकून म्हणाला, "गाळ उठला जरा." मास्तर म्हणाले, "उठायचाच." सगळे हसले आणि तीही हसली. हे असं का केलं याचा ती आठवडाभर विचार करत होती. आत जे घडेल ते वर येऊन मास्तरांना सांगायचं, लाज न धरता सांगायचं, हा तर क्लबचा पायाच. पण त्याचा तो चेहरा, ओला, पांढराफटक, आणि त्यावर ते 'गाळ उठला जरा'. तिला वाटलं, आत्ता सगळ्यांसमोर नको. बिचाऱ्याचं हे एकच सुख आहे. ज्याचं आयुष्य टेप धरण्यात गेलं त्याचा हात अंधारात टेपकडेच जाणार, समजण्यासारखं आहे. घरी सवडीने बोलू. आणि घरी बोलणं झालं नाही. कारण घरी नवरा असा काही वागायला लागला की बोलायला फटच सापडेना. सकाळी तिच्याआधी उठून चहा करायचा. तिचे ओले कपडे त्याने न सांगता वाळत घातले. ज्या माणसाला बाथरूममधला बल्ब बदलायला महिना लागतो त्याने तिच्या गाडीच्या चाकांत हवा भरून आणली. रात्री ती दचकून उठायची, पांघरूण तोंडावर आलं की उठायचीच, तर तो जागा असायचा आणि पाठीवर हात ठेवायचा, काही न विचारता. खजील झालाय, तिला वाटायचं. बोलता येत नाही म्हणून कामं करतोय. तिला त्याची माया यायची आणि त्याच मायेच्या तळाशी थंडगार भीती असायची, कारण हा माणूस, हा शेजारी झोपलेला, चाकांत हवा भरून आणणारा माणूस, अंधारात तिला दारापासून लांब घेऊन गेला होता आणि पुन्हाही नेईल. केस धुताना डोळे मिटायला ती घाबरू लागली. गळ्यातून कपडा काढताना तो डोक्यात अडकला की ती ओरबाडून काढायची. हे सगळं ती गिळत होती, कारण एकदा बोलायला लागली तर पुढचं वाक्य काय हे तिला माहीत होतं: या रविवारी बिट्टीला घेऊन तू आत जायचं नाहीस.

बिट्टी त्यांची मुलगी. दुसऱ्या शहरात शिकते, वसतिगृहात राहते. दोन वर्षं आईबापांच्या जेवणावरच्या गप्पा ऐकून तिने तिकडेच प्रशिक्षण घेतलं, सगळ्या परीक्षा दिल्या, आणि आता सुट्टीला येणार ती कोठार बघायलाच. महिनाभर फोनवर दुसरा विषय नव्हता. बाबांच्या हाताखाली पहिल्यांदा आत जायचं, टेपचं दुसरं टोक धरायचं. शुक्रवारी ती आली, बॅग दारात टाकली, बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, हवामान चांगलं आहे ना रविवारी?" बाबा म्हणाले, "एकदम." ती स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत होती आणि तिला वाटलं, पाऊस पडू दे, वादळ होऊ दे, बोटीचं इंजिन फुटू दे. खोक्यातला प्रसंग त्याच दिवशीचा.

शनिवारी सकाळी बाहेरच्या खोलीत सगळा पसारा काढला होता. जमिनीवर चादर, चादरीवर पट्टे, नळ्या, मास्क, टॉर्च. नवरा मांडी घालून एकेक नळी तपासत होता. बिट्टी आंघोळीला गेली होती, आत पाण्याचा आवाज येत होता आणि ती मोठ्याने गात होती, बेसूर, लहानपणापासून गाते तशी. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून ती त्याच्यासमोर बसली. फिरकी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "उद्या दोरी मी धरते."

"दोरी राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. नजर नळीवर.

"का?"

"असंच. मी पुढे, बिट्टी माझ्या पाठीशी, तू शेवटी. सोपं जाईल."

"कुणाला सोपं जाईल? मागच्या रविवारचं विसरलास का तू?"

त्याने नळी खाली ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतका हळवेपणा होता की तिला वाटलं, आला, आता हा स्वतःहून बोलणार. तो म्हणाला, "विसरेन कसा. तू विषय काढत नव्हतीस म्हणून मीही काढला नाही. म्हटलं, जाऊ दे. होतं असं. कुणाचंही होतं, माणूस घाबरतो. मी काय मास्तरांना सांगणार होतो का?"

"काय सांगणार होतास?"

"अगं, सोड ना."

"नाही, काय सांगणार होतास ते सांग मला."

"हेच, की तू ओढत नेलंस मला," तो अगदी हळू, आतलं गाणं थांबलंय का ते कानोसा घेत म्हणाला. "मला वाटलं तुला दार सापडलंय. म्हणून आलो मागे. भिंतीपाशी पोहोचलो तेव्हा कळलं. मग मी वळवलं तुला. तू जागची हलेनास, आठवतंय? पण आलीस. झालं ते झालं, आपण बाहेर आलो ना?"

आधी तिला वाटलं, हा खोटं बोलतोय. मग तिने त्याचे डोळे पाहिले. सत्तावीस वर्षांचा संसार, याला खोटं बोलता येत नाही. वाढदिवसाची साडी लपवायची तर चेहऱ्यावर येतं याच्या. तो खोटं बोलत नव्हता. त्याची कीव खरी होती. चहा, कपडे, चाकांतली हवा, रात्रीचा पाठीवरचा हात, सगळा आठवडा तो तिला सांभाळत होता. घाबरलेल्या बायकोला.

"माझा पट्टा तू धरला होतास," ती म्हणाली. "तू ओढत होतास."

"धरला होता. तू सुटू नयेस म्हणून धरला होता. दंड कुणी धरला होता माझा? हे बघ." त्याने बाही वर केली. दंडावर बोटांचे वळ होते, आठवडा झाला तरी पिवळे-निळे. तिने न बोलता गळ्यापासून ब्लाउज बाजूला केला. खांद्यावर पट्ट्याचा काळा डाग होता. दोघं एकमेकांच्या अंगावरची ती निशाणी बघत बसले. दोघांनी ओढलं होतं, एवढं नक्की. कुणी आधी ओढलं, कुणी कुठे ओढलं, ते वळ काही सांगत नव्हते.

"खिळ्यापाशी मी वळवलं तुला," ती म्हणाली, पण आवाजात जोर राहिला नव्हता.

"मी वळवलं," तो म्हणाला. त्याच्याही आवाजात नव्हता.

तिला खोका आठवला. स्पंजवर टेकलेलं कपाळ, आणि टेकल्यावरही पुढे रेटणारी ती. जर ती असेल तर? सहा दिवस ती याला घाबरत होती आणि घाबरायचं होतं ते या हाताला, मांडीवरच्या फिरकीवर ठेवलेल्या या स्वतःच्या हाताला. पण तो तर सर्व्हेयर, टेप त्याची, हात टेपकडे जाईल तो त्याचा. पण वायर धरून भिंतीकडे गेली ती कोण? ती अशी इकडून तिकडे हेलपाटत राहिली आणि समोरच्या माणसाचंही तेच चाललं असणार, कारण तो एकदम म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, बिट्टी माझ्याजवळ राहू दे." आणि त्याच क्षणी ती म्हणाली, "बिट्टीला मी सोडणार नाही." बिट्टी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, "कसली भांडणं चाललीत सकाळी सकाळी?" बाबा म्हणाले, "भांडण कसलं, तुझी आई विचारते, दुसरा टॉर्च कुठे ठेवला." आई म्हणाली, "सापडला, सापडला."

तो दिवस तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. भाजी चिरली, बिट्टीच्या वसतिगृहातल्या गमती ऐकल्या, योग्य जागी हसली. डोक्यात मात्र एकच चित्र. गाळ कोसळतो. तपकिरी अंधार. मध्ये बिट्टी. एका बाजूने बाप तिचा पट्टा धरतो आणि ओढतो, कारण त्याची खात्री आहे की दार तिकडे आहे आणि बायको घाबरलेली आहे. दुसऱ्या बाजूने आई तिचा दंड धरते आणि ओढते, कारण तिची खात्री आहे की नवरा चुकतो आहे. सोडणार कोण? पोटची पोर आहे, दोघांतलं कुणीही सोडणार नाही. हवा संपेपर्यंत सोडणार नाहीत. याच्याइतकं भयंकर तिने आयुष्यात काही मनात आणलं नव्हतं. जिरं तडतडलं, हातातला झारा खाली पडला आणि बिट्टी म्हणाली, "आई, तुझं लक्ष कुठाय?" नवऱ्याला तिने दोनदा एकटं गाठायचा प्रयत्न केला, तो म्हणाला, "उद्या बघू. पोरीचं मन मोडू नकोस." तिला कळत होतं तो काय हिशोब करतोय, कारण तोच हिशोब ती करत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरतो. पण जो नाही म्हणेल तो ओढणारा ठरला. जन्मभर, न बोलता, न विचारता, घरात तो शिक्का राहणार: हिने ओढलं होतं. आणि तिने ओढलं नसलं तर?

रविवारी समुद्र असा शांत की शिव्या घालाव्यात. बोटीवर लांब बाक, बाकावर तिघं टेकून बसलेले, पाठीला टाक्या, मध्ये बिट्टी. बिट्टीने केसांची घट्ट वेणी घातली होती आणि पाय हलवत होती, परीक्षेआधी हलवायची तसे. मास्तर हातात कागद नाही, काही नाही, नुसते समोर येऊन उभे राहिले आणि बिट्टीकडे बघून म्हणाले, "मन आहे?"

"आहे," बिट्टी म्हणाली आणि हसली.

मग खरं तर तिची पाळी, तिचं वय नवऱ्यापेक्षा कमी, पण मास्तरांची नजर बाकाच्या त्या टोकाला होती आणि नवऱ्यानेच आधी म्हणून टाकलं, "आहे." स्वच्छ, खणखणीत, वर्गात हजेरी द्यावी तसं. तिने खाली पाहिलं. त्याचा गुडघा थरथरत होता. तळहाताने तो दाबून धरला होता आणि तळहातासकट थरथरत होता. आणि आवाजात त्यातलं काही म्हणजे काही नव्हतं. हा आत जाणार, तिला वाटलं. पाचावर धारण बसलेला हा माणूस तोंडातून ब्र न काढता माझ्या पोरीला घेऊन आत जाणार. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिच्याही जिभेवर तोच शब्द तयार आहे, तसाच स्वच्छ, तसाच खणखणीत. तोंड उघडलं की बाहेर पडेल. याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"नाही," ती म्हणाली.

बिट्टीचे पाय थांबले. मास्तरांनी मान हलवली, थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. कुणी काही विचारलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, इतकी उघडी की तिने नजर वळवली, आणि मग त्याने बिट्टीच्या पाठीमागून हात लांब करून तिच्या खांद्यावर थोपटलं, नेमकं त्या काळ्या डागावर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चालतं. होतं कधी कधी." बिट्टीने आईकडे पाहिलं, जरा निराशेने, बरंचसं कणवेने, आजाऱ्याकडे बघतात तसं. मग ती बापाला हळूच म्हणाली, "पुढच्या रविवारी आपण दोघं जाऊ." "जाऊ की," तो म्हणाला.

तिने चहा बाकावर ठेवला. शिक्का बसला होता, तो तिने पत्करलाही असता. पण पुढचा रविवार तिने हिशोबात धरलाच नव्हता.

"मास्तर," ती म्हणाली. "विचारायचं नाही असा नियम आहे. सांगायचं नाही असा नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मागच्या रविवारी आम्ही आत उलटे गेलो. दोरी सोडून टेप धरली. खिळ्यापर्यंत गेलो. दोघांची हवा संपत आली होती." तिचा आवाज चिरकत होता, तिने चिरकू दिला. "मी म्हणत होते, यानेच मला ओढलं. तो म्हणतो, मीच त्याला ओढलं. मला आता खरंच ठाऊक नाही. मी असेन. मी भ्याले होते, अजून भ्यालेली आहे, पाण्याला नाही, आम्हा दोघांना."

बोटीवरचे सगळे नवऱ्याकडे बघू लागले. त्याने नुसतं म्हटलं असतं की बायको दमली आहे, तरी सगळ्यांनी मानलं असतं. तो गुडघ्यावरच्या हाताकडे बघत होता. हात उचलला तसा गुडघा उडायला लागला, आणि त्याने उडू दिला.

"ती म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "मलाही ठाऊक नाही."

मास्तरांनी थर्मासचं झाकण लावलं. ते म्हणाले, "या मोसमात दोघंही बाहेरच," आणि इंजिनाकडे गेले.

बिट्टी मधे बसली होती. तिने आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग पुन्हा आईकडे. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला आईला स्पष्ट दिसला.

"आणि मला मधे घेऊन जाणार होतात?" बिट्टीने विचारलं.

बिट्टी उठली आणि पाठीवरची टाकी तशीच सांभाळत समोरच्या बाकावर जाऊन बसली.